घरातल्या वस्तूंवर आईची आसनं : कामाच्या नोंदी

आईचं वय ७१, उंची चार फूट अकरा इंच. दोन्ही गुडघे झिजलेले, ऑपरेशन तूर्तास नको असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांनी व्यायामाला परवानगी दिली ती दोन अटींवर : मांडी घालून जमिनीवर बसायचं नाही आणि पडायचं तर मुळीच नाही. मी पुण्यात नोकरीला असताना काही वर्षं अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गाला जात होते, त्यामुळे लोड, विटा, पट्टे, खुर्च्या यांच्या आधाराने वयस्कर माणसं किती काय करू शकतात ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता आम्ही सांगलीत आहोत. तयार साधनांचा संच मागवायचा तर किंमत जास्त, आणि आईच्या उंचीला त्यातलं निम्मं बसणार नाही. म्हणून घरातल्या वस्तूंपासूनच सुरुवात केली. ज्यांना आपल्या घरी हेच करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. आसनं कशी करायची हे इथे नाही, ते शिक्षकांकडूनच शिका. माझ्या जुन्या योगवर्गाच्या बाईंना मी दर थोड्या दिवसांनी व्हिडिओ पाठवून विचारत होते.

२ मे

घरात काय काय आहे ते बघितलं. सागवानी पाट चार, चौरंग एक, आजीच्या वेळचा लोड एक, सोलापुरी चादरी भरपूर, सतरंज्या दोन, एक वाकळ, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, काठ्या, लाटणी, तांदळाच्या पिशव्या.

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. १९७५ मध्ये शिवाजीनगरला रमामणि अय्यंगार स्मारक योग संस्था उभी राहिली, आणि आज तिथल्या लाकडी बाकांची, दोऱ्यांची, लोडांची नक्कल जगभर विकली जाते. पण त्या साधनांची सुरुवात विटा, स्टुलं, भिंती अशा हाताशी असलेल्या वस्तूंपासूनच झाली होती. वर्गातली लाकडी वीट बघा : साधारण ९ × ४.५ × ३ इंच. आपल्याकडच्या भाजक्या विटेचं जुनं माप हेच.

प्रत्येक वस्तूसाठी तीनच प्रश्न ठरवले. घसरते का? दबते का? आज जेवढी उंच आहे तेवढीच उद्या राहील का? आई कुठल्याही वस्तूवर टेकण्याआधी तिच्यावर तळहात थोपटून विचारते, ‘हलत नाही ना गं?’ तिच्या मनात ती शंका असेपर्यंत खांदे कानाशीच चढलेले राहतात. मग आसन कितीही सोपं असो, त्याचा तिला काही उपयोग होत नाही.

५ मे – वीट

गल्लीत बांधकाम चालू आहे, तिथून चार विटा मागून आणल्या. फुकट मिळाल्या. वजन प्रत्येकी तीन किलोंच्या आसपास.

पहिला त्रास भुग्याचा. जुन्या परकराच्या कापडात गुंडाळली तरी लाल भुकटी कापडातून झिरपून फरशीवर यायची, आणि फरशीवर भुकटी म्हणजे पाय घसरण्याची सोय. ताराच्या ब्रशने घासून, धुऊन, कडक उन्हात वाळवून, मग फेव्हिकॉलमध्ये पाणी मिसळून दोन हात दिले. भुकटी थांबली.

दुसरा त्रास खाचेचा. भट्टीच्या विटेला एका अंगाला भट्टीवाल्याची अक्षरं असलेली खाच असते. ती बाजू वर आली की कापड आत जातं आणि कमरेखाली मधोमध पोकळ लागतं. खाच कायम खाली ठेवायची. वरच्या कापडावर लाल दोऱ्याने एक फुली शिवून टाकली, म्हणजे घाईत उलटी ठेवली जात नाही.

सेतुबंधासाठी (पाठीवर झोपून कंबर उचललेली ठेवायचं आसन) वीट आडवी, सर्वांत कमी उंचीवर, कमरेच्या खालच्या सपाट हाडाशी ठेवली. आईला तीन इंचही जास्त झाले. विटेऐवजी चौघडी सोलापुरी चादर दिली, तेव्हा तिचा श्वास मोकळा झाला. वीट नंतर कधीतरी.

उभी वीट मात्र बाद. त्रिकोणासनात, म्हणजे पाय फाकवून बाजूला वाकताना, हात टेकायला नऊ इंच उंची हवी म्हणून उभी केली, तर कापडाची घडी तळाशी आल्यामुळे डुगडुगत होती. कापड काढून ठेवली तरी आईचा हात जरा तिरका पडला की कलायची. तीन किलोंची वीट पायाच्या बोटांवर पडली तर काय होईल ते सांगायला नको. त्रिकोणासनाला आता सरळ खुर्चीच्या बैठकीवर हात.

९ मे – हलकी वीट

एएसी ब्लॉक, म्हणजे हल्ली भिंतींना वापरतात ते पांढरे हलके ठोकळे, साध्या करवतीने कापता येतात. तुटका ब्लॉक आणून विटेच्या मापाचे दोन तुकडे काढले. वजन विटेच्या निम्म्याहूनही कमी, आईला एका हाताने उचलता येतं. पण कोपरे नखाने उकरले तरी निघतात. फेव्हिकॉलचे हात देऊनही कडा झडतच राहिल्या आणि कडा झडल्या की माप गेलं. दोन संध्याकाळी वाया.

शेवटी सुताराकडे १९ मिलिमीटर प्लायवूडचे उरलेले तुकडे होते. चार थर चिकटवले की बरोबर ३ इंच होतात. त्याने शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवले, कडा रंधून गोल केल्या, दोन ठोकळ्यांचे २५० रुपये घेतले. हे टिकतील. ज्यांच्या ओळखीचा सुतार आहे त्यांनी विटेच्या वाटेला जाऊच नये, थेट हेच करावं.

दिवाळी अंकांचे गठ्ठे सुतळीने बांधून पाहिले. गुळगुळीत कागद एकमेकांवरून सरकतो, गठ्ठा तिरका होतो. वर्तमानपत्रांचा गठ्ठा चांगला राहतो, मात्र सुतळी उभी-आडवी दोन्हीकडून आवळायला हवी. खुर्चीत बसल्यावर आईचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, तिथे पायांखाली हा गठ्ठा ठेवला.

१२ मे – लोड

आजीचा लोड तीन फूट लांब. आतला कापूस गोळा होऊन दोन टोकांना गेलेला, मध्ये पोकळी. त्यावर पाठ टाकून आडवं झालं की नेमकी छातीच खाली जाते, म्हणजे हवं त्याच्या उलट.

गादीवाल्याकडे दिला. त्याने कापूस पिंजून, वर किलोभर नवा घालून, ठासून भरून दिला. पिंजण आणि नवा कापूस मिळून ४५० रुपये. परत आला तो इतका गोल आणि कडक की आई त्यावर आडवी झाल्याबरोबर डावीकडे कलंडली. मी बाजूलाच बसले होते म्हणून धरली. बसायला, टेकायला असा लोड उत्तम, पण त्यावर पाठीचा कणा ठेवायचा तर वरची बाजू थोडी चपटी हवी.

पुन्हा गादीवाल्याकडे. ‘ताई, लोड ठासलेलाच मागत्यात सगळे,’ असं म्हणत त्याने उसवून थोडा कापूस काढला आणि मी सांगितलं तसं दोन्ही अंगांनी लांब टाके घालून लंबगोल केला. त्याचे पैसे घेतले नाहीत. आठवडा मात्र गेला.

त्या आठवड्यात जो पर्याय काढला तो मला लोडापेक्षा आवडला. तीन सोलापुरी चादरी एकाच रुंदीच्या घड्या घालून एकावर एक ठेवायच्या, भोवती सतरंजी घट्ट गुंडाळायची, दोन ठिकाणी बांधायचं. सोलापुरी चादर जाड सुताची आणि घट्ट विणीची असते, दबत नाही. ब्लँकेट किंवा रजई इथे चालत नाही, वजन पडलं की ती निम्मी होते. सोफ्याच्या फोमच्या गाद्यांचंही तेच. शिवाय उंची कमी-जास्त करता येते. सुप्त बद्धकोणासनाला (पाठीवर पडून, तळपाय जुळवून गुडघे बाजूंना सोडायचे) आईला पहिल्यांदा दोनच चादरी दिल्या, आता तीन चालतात. डोक्याखाली वेगळी घडी हवीच, नाहीतर हनुवटी वर जाते आणि मान मागे पडते.

१९ मे – पट्टा

झोपून एक पाय वर, तळपायात पट्टा, दोन्ही हातांनी धरायचा. गुडघेदुखीच्या माणसाला याहून कामाचं आसन थोडंच असेल.

ओढणी : सिंथेटिक, गाठ सरकते. पंचा : लांबीला कमी पडला. जुन्या सुती साडीची उभी फाडलेली पट्टी : धरायला मऊ, पण ताणली की दोरीसारखी वळते आणि तळव्याला कापते. नेकटाय : ताणते. कमरेचा चामडी पट्टा : आखूड.

मग नवार आठवली. खाटेला विणायची सुती नवार, दोन इंच रुंद. ताणत नाही, वळत नाही, हातातून निसटत नाही. गणपती पेठेत अजून मिळते. २५ रुपये मीटरने सहा मीटर घेतली. प्लास्टिकची नवारही विकतात, ती गुळगुळीत असते, घेऊ नका.

बक्कल म्हणून दप्तरं दुरुस्त करणाऱ्याकडून लोखंडी डी-रिंगा (इंग्रजी D च्या आकाराच्या कड्या) आणल्या, एका पट्ट्याला दोन. नवारेचं टोक दोन्ही रिंगांतून ओवायचं, मग एकीवरून वळवून दुसरीतून परत काढायचं. ओढलं की आवळतं, रिंग उचलली की सुटतं. रिंगा शिंप्याकडून शिवून घेतल्या होत्या. ताण पडताच शिवण उसवली आणि रिंग सुटून आली. शिंप्याचा दोरा या कामाचा नव्हे. चपला शिवणाऱ्याकडून मेणाच्या दोऱ्याने चौकोनात आडवी-तिरपी टीप मारून घेतली. दोन पट्ट्यांचे ४० रुपये.

एक पट्टा आठ फुटांचा ठेवला. सुप्त बद्धकोणासनात तो कमरेमागून येऊन दोन्ही पायांभोवती जातो, त्याला एवढी लांबी लागतेच. रिंग अंगाला टोचणार नाही अशी मांडीच्या आतल्या बाजूला मोकळ्या जागेत यायला हवी.

२६ मे – प्लास्टिकची खुर्ची

बाद. फरशीवर ठेवून आईला आडवं बसवलं, भारद्वाजासनासाठी, म्हणजे बसून कमरेतून वळण्यासाठी. वळताना एका कडेवर वजन येताच मागचे पाय फाकले. हात असलेल्या खुर्चीत आडवं बसताही येत नाही. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची भिंतीला लावून, खाली चटई घालून वापरली. ती जड आहे, हलत नाही. पण बैठकीची उंची १८ इंच, आईचे पाय लोंबतात. वर्तमानपत्रांचा गठ्ठा इथेच लागतो.

३ जून – लोखंडी खुर्ची

हे सगळ्यांत मोठं काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

वर्गात जी खुर्ची असते ती घडीची, लोखंडी, पाठीचा पत्रा काढलेली. पाठीच्या मोकळ्या चौकटीतून पाय घालून उलटं बसता येतं, चौकटीला धरून वळता येतं, बैठक नितंबांखाली घेऊन सर्वांगासन करता येतं. मंडपवाल्याकडे जुन्या खुर्च्या निघाल्या होत्या. बैठक १६ इंच उंच. दोन निवडल्या, १५० रुपयांना एक. निवडताना प्रत्येक उघडून, बैठकीच्या मागच्या कडेवर पूर्ण वजन देऊन पाहिली. काही खुर्च्या मागच्या कडेवर बसलं की स्वतःहून मिटायला लागतात. त्या सोडल्या.

वेल्डिंगवाल्याने विचारलं, ‘ताई, पाठच काढल्यावर टेकणार कशाला?’ त्याला फोनवर फोटो दाखवला. मग त्याने ग्राइंडर लावून पत्रा काढला आणि खुर्ची माझ्या हातात दिली. घरी आणून उघडली, पाठीच्या दोन नळ्या धरून ओढल्या, तर त्या बाहेर फाकत होत्या. या खुर्चीत नळ्यांना एकत्र धरून ठेवणारा तो पत्राच होता. वर्गातल्या खुर्चीला पाठीच्या माथ्यावर आडवी नळी असते. मंडपाच्या खुर्चीला नव्हती, आणि पत्रा असेपर्यंत ते दिसतही नाही. पत्रा कापण्याआधी त्याच्यामागे आडवी नळी आहे का ते हात घालून बघा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. पाऊण इंची नळीचा तुकडा माथ्यावर आडवा जोडून घेतला. तसाच एक पुढच्या दोन पायांच्या मध्ये, जमिनीपासून चार इंचांवर. या खालच्या नळीने खुर्ची आवळली गेली आणि हातांना धरायलाही जागा झाली. कापलेल्या पत्र्याचे दाते नळीला जागोजागी चिकटून राहिले होते, बोट फिरवलं तर रक्त येईल असे. वेल्डिंगवाल्याने वरवर ग्राइंडर फिरवला. उरलेलं घरी कानशीने मी घासलं. कानस एका दिशेने ढकलायची, मग बोट, मग चिंधी फिरवायची. चिंधीचा एकही धागा अडकेनासा झाला तेव्हा थांबले. त्यावर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून गुंडाळली आणि दोन टोकं सुतळीने बांधली.

खुर्चीचे मूळ प्लास्टिकचे बूच गेलेले होते, नुसती नळी फरशीवर किंचाळायची. औषधाच्या दुकानात आधाराच्या काठीला बसवायचे रबरी बूट मिळतात. पाऊण इंचाचा बूट या नळीवर घट्ट बसतो. चार बुटांचे १२० रुपये, आणि या यादीत सगळ्यांत चांगले खर्च झालेले पैसे हेच. खुर्ची जागेवरून इंचभरही सरकत नाही.

खर्च एका खुर्चीला : खुर्ची १५०, पत्रा कापणे आणि दोन नळ्या ३५०, बूट १२०. ट्यूब पंक्चरवाल्याने तशीच दिली. दुसऱ्या खुर्चीचा पत्रा काढलाच नाही. आडवं बसून वळायला आणि ओणवं होऊन हात टेकायला तो असला तरी काही अडत नाही.

आईला बसवण्याआधी दोन दिवस मी स्वतः त्यावर सगळं करून पाहिलं. माझं वजन तिच्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा तेवढी खात्री पुरे.

१६ जून – वजनाची पिशवी

सुप्त बद्धकोणासनात मांड्यांच्या मुळाशी थोडं वजन ठेवलं की जांघा सैल पडतात. गुडघ्यावर वजन ठेवायचं नाही, हे आईच्या बाबतीत फार जपावं लागतं.

पाच किलो तांदळाची पिशवी ठेवली. ठीक होती, पण पाऊस सुरू झाला आणि तांदळात पोरकिडे झाले. पिशवीतून किडे बाहेर येताना दिसल्यावर आई ती अंगावर ठेवू देईना. मिठाच्या पुड्या एकत्र शिवल्या, तर मीठ पाझरलं आणि कापड ओलं. बांधकामावरची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आणली, तिच्यात पिठासारखी धूळ असते, ती जीन्सच्या कापडातूनही बाहेर येते. बादलीत चार पाण्यांनी धुतली, गाळ ओतून दिला, गॅसवर कढईत थोडी थोडी भाजून कोरडी केली, कारण जूनमध्ये ऊन कुठलं. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड दोनदा बांधलं आणि ती पिशवी जुन्या जीन्सच्या पायात घालून शिवली. पिशवी पाऊणच भरायची. गच्च भरली तर दगडासारखी होते, मांडीवर बसत नाही. प्रत्येकी तीन किलो, दोन. खर्च शून्य, वेळ पूर्ण रविवार.

शवासनात डोळ्यांवर जवसाची छोटी पिशवी चांगली असं ऐकलं होतं. आमच्याकडे गरम झालेल्या जवसाने कापडावर तेलाचे डाग पडले आणि वास यायला लागला. चार इंची क्रेप बँडेज सैल गुंडाळतो, तेच बरं. कपाळ आणि डोळे झाकायचे, नाक मोकळं.

२९ जून – दार

अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) कमरेला मागून दोरीची ओढ असली की हातांवर भार येत नाही. वर्गात भिंतीत हुक असतात. आमच्या भिंतीत हुक मारायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं. जुन्या विटांचं बांधकाम आहे, गिलावा हाताने पडतो.

खिडकीच्या ग्रिलला पट्टा बांधून मी ओढ दिली. ग्रिल चौकटीत स्क्रूने बसवलेली, आणि स्क्रू ज्या लाकडात आहेत ते पावसाने मऊ झालेलं. दुसऱ्या ओढीला एक स्क्रू अर्धा बाहेर आला. ग्रिलचा विचार तिथेच संपला. दाराच्या मुठीलाही बांधू नये, मूठ दोन बारीक स्क्रूंवर असते.

जमलं ते असं. नवारेचा मोठा फास करायचा. फासाचं एक टोक दाराच्या फटीतून पलीकडे काढायचं आणि पलीकडून त्यात जाड काठी आडवी अडकवायची. दार बंद करायचं. काठी पलीकडे, फास अलीकडे. दार कुठल्या बाजूला उघडतं ते इथे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आपण अशा बाजूला असायला हवं की ओढ दिल्यावर दार चौकटीवर आणखी घट्ट बसेल. म्हणजे दार आपल्यापासून लांब, पलीकडे उघडणारं हवं. उलट बाजूला उभं राहिलं तर ओढीने दार उघडून आपल्या अंगावर येईल. कडी लावायचीच, आणि घरातल्यांना सांगून ठेवायचं. पहिल्यांदा लाटणं वापरलं, ते निमुळत्या टोकाकडून फासातून निसटलं. धुणं वाळत घालायच्या काठीचा दोन फुटांचा तुकडा कापला, तो सगळीकडे सारख्या जाडीचा आहे.

आईला यात अजून नेलेलं नाही. तिला ओट्यावर हात ठेवून अर्धं वाकणं पुरतं. ओटा ३३ इंच, तिच्या कमरेच्या जरा वर, हे तिच्यासाठी बरोबर आहे. ग्रॅनाइट ओलं असलं की हात घसरतो. ओटा पुसून कोरडा करून त्यावर कपाटात घालतात ती रबरी जाळी अंथरते. भाजी निवडता निवडता ती दिवसातून स्वतःच दोनदा करते.

१४ जुलै – चादरींचा थर

हे माझ्यासाठी. सर्वांगासनात खांद्यांखाली चादरींचा थर, डोकं खाली जमिनीवर. खांदे उंच झाले की मानेला काटकोनात दुमडावं लागत नाही. चार सोलापुरी चादरी, प्रत्येकीची घडी साधारण दोन फूट बाय अडीच फूट. घडीची बंद, गोल कड मानेकडे ठेवायची, सुट्या कडा पाठीकडे. सुट्या कडा मानेकडे आल्या की थराची उतरण होते आणि खांदे निसटतात. झालर असलेली चादर खाली, वरची बिनझालरीची. झालरीच्या गाठी हाडाला लागतात.

आईला हे नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मागच्या वर्षी मोतिबिंदू काढलेला आहे. डोकं खाली जाणारं कुठलंही आसन आम्ही डॉक्टरांना आणि बाईंना विचारल्याशिवाय ठेवलेलं नाही. तिला बिछान्यावर पाय खुर्चीच्या बैठकीवर ठेवून पडणं सांगितलंय. पोटऱ्या पूर्ण बैठकीवर, बैठकीवर एक चादर. पायांची सूज संध्याकाळी उतरलेली दिसते.

२८ जुलै – ओल

सलग पाऊस. फरशीला घाम सुटतो, चटई खालून ओली होते आणि घसरते. कृष्णेचं पाणी वाढलं की आमच्या घरात सगळ्यांच्याच जिवाला घोर लागतो, २०१९ चा पूर विसरलेला नाही. त्या पुरात लाकडी कपाटं फुगून गेली, सागवानी पाट मात्र धुऊन वाळवले आणि आजही वापरात आहेत. त्यातला एक हल्ली आईच्या टाचांखाली असतो, खुर्चीला धरून अर्धी बैठक करताना. टाचा उचलल्या की तिला गुडघ्यात कळ येत नाही. पाट दीड इंच उंच, खाली रबरी जाळी.

ओलीवर उपाय : काम सुरू करण्याआधी फरशी कोरड्या फडक्याने पुसणे, चटई वापरून झाली की गुंडाळून न ठेवता दोरीवर टाकणे. प्लायचे ठोकळे चौरंगावर ठेवले. नवारेला वास यायला लागला म्हणून धुतली, ती आटली. आठ फुटांचा पट्टा चार बोटं कमी झाला. नवार कापण्याआधी धुऊन घ्या.

या महिन्यात बसण्याआधी आई खुर्ची थोपटत नाही. लोड अजून थोपटते.

१० ऑगस्ट

लोड का थोपटते ते कळलं. लंबगोल केला तरी एका टोकाला कापूस कमी आहे, मधेच दबतो. मी वरून बघून ठीक म्हणत होते, तिच्या पाठीला ते रोज कळत होतं. टोक उसवून एक जुना टॉवेल गुंडाळून आत घातला आणि शिवलं.

आतापर्यंतचा खर्च जवळपास दोन हजार रुपये, दोन्ही खुर्च्या धरून. यातले विटांवरच्या फेव्हिकॉलचे आणि शिंप्याचे पैसे वाचले असते.

२४ ऑगस्ट

शेजारच्या काकूंना खुर्चीवरचं वळणं दाखवलं. त्या आईपेक्षा चांगल्या उंच. त्यांना १६ इंची बैठक कमी पडते, गुडघे कमरेच्या वर येतात. बैठकीवर दोन चादरींची घडी दिली, मग मांड्या सपाट झाल्या. आईच्या मापाचं काहीच त्यांना जसंच्या तसं लागू पडलं नाही. बैठकीवर बसून तळपाय सपाट टेकलेले, गुडघे कमरेच्या बरोबरीने किंवा किंचित खाली, एवढं आधी बघायचं आणि मग कमी-जास्त करायचं.

त्यांच्याकडे मंडपवाल्याची खुर्ची नाही, त्यांना हवी आहे. माप देऊन ठेवलं : पाठीच्या माथ्याला आडवी नळी असलेली शक्यतो निवडायची, पुढच्या पायांतली नळी चार इंचांवर, बूट पाऊण इंची. तशी मिळाली नाही तर वेल्डिंगवाला या वेळी पत्रा काढण्याआधीच नळी जोडून देणार आहे, असं त्यानेच सांगितलं.